बँकेने चुकीने पैसे अडवले तर : जबाबदारी ठरवण्यापासून भरपाई मागण्यापर्यंतचे टप्पे

खात्यात पुरेशी शिल्लक असूनही चेक परत येतो, यूपीआयने पैसे जात नाहीत किंवा खात्यातून काहीच काढता येत नाही, तेव्हा बहुतेक ग्राहक एकच चूक करतात. ते शाखेत जातात, खिडकीवर वाद घालतात, ‘वरून होल्ड आहे, दोन दिवसांत निघेल’ एवढे उत्तर ऐकतात आणि हातात एकही कागद न घेता परततात. होल्ड कदाचित दोन दिवसांत निघतोही. परंतु तोवर सूत व्यापाऱ्याने पुढचा माल थांबवलेला असतो, यंत्रमागावरील कामगारांचा आठवड्याचा पगार रखडलेला असतो आणि कर्जाच्या हप्त्यावर दंड लागलेला असतो. पुढे भरपाई मागायला गेल्यावर पैसे कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने अडवले हे दाखवणारे काहीच ग्राहकाजवळ नसते.

म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. क्रम चुकला तर काही दरवाजे आपल्याच हाताने बंद होतात.

टप्पा १ : पैसे नेमके कोणी अडवले ते शोधा

बँकेची जबाबदारी आहे की नाही, हे सगळे याच प्रश्नावर अवलंबून आहे. अडवणूक वरवर सारखीच दिसते, पण तिच्यामागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात.

पहिली शक्यता अशी की पैसे अडवलेलेच नाहीत, व्यवहार फसला आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोरच्याला ती मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक लागू होते. एखाद्याच्या खात्यावर यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेली रक्कम जमा झाली नाही तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या आणि एटीएममधून न निघालेल्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यावर दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही खात्यात जमा व्हायला हवी. अशा प्रकरणात पुढचे टप्पे सहसा लागत नाहीत.

दुसरी शक्यता मर्यादेची. मोबाइल बदलल्यानंतर, यूपीआयची नव्याने नोंदणी केल्यानंतर किंवा नवा लाभार्थी जोडल्यानंतर पहिले २४ तास कमी रक्कमच पाठवता येते. ही सुरक्षेची सोय असल्याने तिच्यावरून भरपाई मागू नये.

तिसरी शक्यता बँकेच्या स्वतःच्या निर्णयाची. केवायसीची मुदत संपणे, दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय होणे, संगणकीय जोखीम प्रणालीने व्यवहार संशयास्पद ठरवणे, किंवा थकीत कर्जापोटी बँकेने बचत खात्यातील रक्कम रोखणे, हे सगळे येथे येते. बँकेची जबाबदारी मुख्यतः याच गटात ठरते.

चौथी शक्यता बाहेरच्या आदेशाची. हा आदेश पोलीस, प्राप्तिकर विभाग, जीएसटी विभाग किंवा न्यायालय यांपैकी कोणाचाही असू शकतो. सोलापुरात चादरी आणि टॉवेल विकणारे, तसेच मार्केट यार्डातील कांद्याचे आडते यांना हा अनुभव अलीकडे वारंवार येतो. अनोळखी परगावच्या गिऱ्हाइकाने मालाचे पैसे यूपीआयने पाठवलेले असतात, ते पैसे मुळात कोणाला तरी फसवून मिळवलेले निघतात, फसवला गेलेला माणूस दुसऱ्या राज्यात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवतो आणि पैशाचा माग काढत होल्ड थेट विक्रेत्याच्या खात्यावर येऊन पडतो. विक्रेत्याने माल दिलेला असतो, बिल फाडलेले असते, तरी खाते अडकते.

*तपासणी :* बँकेच्या ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक असे दोन आकडे दिसतात. दोन्हींत ठरावीक रकमेचा फरक असेल तर तेवढ्याच रकमेवर लिन लागला आहे, म्हणजे तेवढीच रक्कम रोखून धरली आहे. दोन्ही आकडे सारखे असूनही पैसे निघत नसतील, तर सहसा संपूर्ण खाते डेबिटसाठी गोठवलेले असते. ही नोंद लगेच करावी, कारण टप्पा ६ मधला सगळ्यात जोरदार मुद्दा तिच्यावर उभा राहतो.

टप्पा २ : त्याच दिवशी पुरावा गोळा करा

चेक परत आला असेल तर ज्याला दिला होता त्याच्याकडून परताव्याच्या मेमोची प्रत आधी मिळवावी आणि त्यावरचे कारण शब्दशः वाचावे. खात्यात पैसे असताना मेमोवर ‘अपुरी शिल्लक’ असे छापले असेल, तर त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. मात्र ५०,००० रुपये व त्यापुढील चेकसाठी पॉझिटिव्ह पे (चेकचा तपशील बँकेला आधी कळवणे) ही सोय आहे आणि ५ लाख रुपयांपासून पुढे ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. आपल्या बँकेने ती सक्तीची केली असेल आणि आपण चेकचा तपशील आधी कळवला नसेल, तर चूक आपल्याकडे येते. मोठ्या रकमेचे चेक देणाऱ्यांनी हे आधी तपासावे. अनेकांचे प्रकरण इथेच संपते.

ऑनलाइन व्यवहारासाठी संदर्भ क्रमांक, वेळ आणि पडद्यावर आलेला नकाराचा संदेश यांचा स्क्रीनशॉट घ्यावा. बँकेचे एसएमएस पुसू नयेत. त्या दिवसाचा खातेउतारा शाखेच्या शिक्क्यासह घ्यावा, कारण व्यवहाराच्या क्षणी शिल्लक किती होती हे त्यातूनच सिद्ध होते. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात गेल्यास स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ज्या फोनवर संदेश आले तो विकू नये. फोन बदलताना जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकणारे ग्राहक नंतर पस्तावतात.

एका वहीत तारीख, वेळ, कोणाशी बोलणे झाले आणि त्यांनी काय सांगितले, हे लिहीत जावे. ग्राहक सेवा केंद्राला फोन केला असेल तर तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

टप्पा ३ : नुकसान वाढू देऊ नका

हा टप्पा रागाच्या भरात वगळला जातो आणि तेथेच भरपाईचा आकडा घटतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे कराराच्या भंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेले नुकसानच मागता येते, दूरान्वयाचे नाही. शिवाय गैरसोय टाळण्याचे कोणते मार्ग ग्राहकाला उपलब्ध होते, हेही पाहिले जाते. दुसऱ्या बँकेत पैसे असताना ‘चूक बँकेची आहे, मी का भरू’ म्हणून हप्ता थकवला, तर त्या दंडाची रक्कम मिळणे अवघड होते.

त्यामुळे देणे दुसऱ्या खात्यातून, नातेवाइकाकडून उसने घेऊन किंवा मुदत वाढवून मागून भागवावे. उसनवारीवर व्याज द्यावे लागले तर त्याची पावती किंवा बँकेतून दिल्याची नोंद ठेवावी. ते व्याज मागता येते. घेणेकऱ्याला ‘अमुक तारखेचा चेक खात्यात शिल्लक असूनही परत आला आहे, रक्कम आरटीजीएसने पाठवत आहे’ असे लेखी कळवावे. त्याने उत्तरात माल थांबवल्याचे किंवा उधारी बंद केल्याचे लिहिले, तर ते पत्र जपून ठेवावे.

*इशारा :* चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत घेणेकरी पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली नोटीस देऊ शकतो आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. बँकेशी वाद चालू आहे, या कारणावर विसंबून ही मुदत जाऊ देऊ नये. रक्कम देऊन टाकावी आणि बँकेशी वेगळे भांडावे.

टप्पा ४ : शाखेला लेखी अर्ज द्या

अर्ज एका पानाचा असावा. पहिल्याच अर्जात भरपाईचा आकडा, कायद्याची कलमे आणि धमक्या भरल्या की शाखाधिकारी तो विधी विभागाकडे पाठवून मोकळे होतात आणि साध्या प्रश्नाचे उत्तरही महिनाभर मिळत नाही. आत्ता फक्त माहिती मागायची आहे. मजकूर साधारण असा असावा :

“माझ्या वरील खात्यातून दिनांक … रोजी … रुपयांचा भरणा होऊ शकला नाही. त्या वेळी खात्यात … रुपये शिल्लक होती. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी : (१) निर्बंध कोणत्या तारखेला व वेळेला लावला, (२) तो ठरावीक रकमेवर आहे की संपूर्ण खात्यावर, (३) तो बँकेने स्वतः लावला की बाहेरील प्राधिकरणाच्या आदेशावरून, (४) आदेश असल्यास प्राधिकरणाचे नाव, आदेशाचा किंवा तक्रारीचा क्रमांक, तारीख व आदेशातील रक्कम, (५) मला पूर्वसूचना दिली असल्यास तिची प्रत. निर्बंध चुकीने लागला असल्यास तो त्वरित उठवावा.”

दोन प्रती घेऊन जाव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घ्यावी. पोहोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर आणि पोस्टाच्या पोच पावतीसह पाठवावा. व्हॉट्सॲपवर शाखाधिकाऱ्यांना पाठवलेला निरोप म्हणजे अर्ज नव्हे, मग ते कितीही ओळखीचे असोत.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बँकेने संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेला दिला असेल तर तो दिल्याचे ग्राहकाला सांगण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून कर्मचाऱ्याचे मौन दर वेळी मुजोरी नसते. पण त्याच वेळी, केवळ असा अहवाल दिला म्हणून खात्यावर निर्बंध घालू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे केवायसीविषयक निर्देश स्पष्ट सांगतात. या दोन्ही गोष्टी माहीत असल्या की बोलणे वायफळ होत नाही.

टप्पा ५ : कारणानुसार निर्बंध उठवून घ्या

*केवायसी.* कागदपत्रे त्याच दिवशी द्यावीत आणि पोहोच घ्यावी. वाद नंतर घालता येतो. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि उच्च जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी अद्ययावत करायची असते. २०२५ मधील सुधारणेनुसार मुदतीपूर्वी किमान तीन सूचना आणि मुदतीनंतर किमान तीन स्मरणपत्रे देणे बँकेवर बंधनकारक झाले असून दोन्ही वेळा त्यांतील किमान एक पत्राने दिलेली असावी लागते. बँक सूचनांच्या प्रती दाखवू शकली नाही, तर निर्बंध चुकीचा ठरवण्यास तो भक्कम आधार होतो. आपण पत्ता बदलून बँकेला कळवला नसेल, तर मात्र हा आधार ढासळतो.

*निष्क्रिय खाते.* ते सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही.

*थकीत कर्जापोटी रोखलेली रक्कम.* करार अधिनियमाच्या कलम १७१ खाली बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार (देणे फिटेपर्यंत रक्कम रोखून धरण्याचा हक्क) आहे, परंतु तो ग्राहकाच्याच देण्यापुरता असतो. भावाच्या कर्जासाठी, आपण जामीनदार नसताना, आपले खाते अडवले असेल तर ते उघड चुकीचे आहे. संयुक्त खात्यातील रक्कम एकाच्या कर्जापोटी अडवली असेल तर त्यालाही लेखी हरकत घ्यावी.

*पोलिसांचा आदेश.* येथे बँकेशी भांडून उपयोग नसतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ यांखाली हा अधिकार पोलिसांना आहे. बँक खाते ही या कलमाच्या अर्थाने मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तापस नियोगी प्रकरणात म्हटले आहे. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि तपासी पोलीस ठाणे समजून घ्यावे. ते परराज्यातील असेल तर त्याच ठाण्याला ईमेलने बिल, ई-वे बिल, वाहतूक पावती, गिऱ्हाइकाशी झालेले संदेश आणि ओळखपत्र पाठवावे. सोलापूर शहर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण पोलीस यांच्या हद्दी वेगळ्या आहेत, म्हणून स्थानिक सायबर पोलिसांकडे मार्गदर्शनासाठी जाताना आपला पत्ता कोणाकडे येतो ते पाहून जावे. मात्र दुसऱ्या राज्याने लावलेला होल्ड येथील पोलीस उठवू शकत नाहीत. ठाणे दाद देत नसेल तर ज्या दंडाधिकाऱ्यांच्या हद्दीत ते ठाणे येते, त्यांच्यापुढे अर्ज करावा लागतो. या कामाला वकील करावा.

*तपासणी :* पोलिसांच्या पत्रात वादग्रस्त रक्कम किती लिहिली आहे आणि बँकेने प्रत्यक्षात किती अडवली आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

टप्पा ६ : बँकेची जबाबदारी कुठे येते आणि किती

चेकच्या बाबतीत कायदा अगदी सरळ आहे. पराक्रम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ३१ प्रमाणे, चेक देणाऱ्याचे पुरेसे पैसे बँकेकडे असतील आणि ते त्या चेकसाठी वापरता येण्याजोगे असतील, तर रीतसर सादर झालेला चेक वटवणे बँकेवर बंधनकारक आहे. तसे न केल्यास झालेल्या नुकसानीची भरपाई बँकेने चेक देणाऱ्याला द्यायची असते. भरपाईचा हा हक्क चेक देणाऱ्याचा आहे, ज्याला तो दिला त्याचा नाही. येथे हमखास गल्लत होते. घेणेकऱ्याने आपल्या ग्राहकाच्या बँकेवर या कलमाखाली दावा करू नये.

ऑनलाइन भरण्यासाठी असे स्वतंत्र कलम नसले तरी ग्राहकाच्या वैध सूचनेप्रमाणे पैसे देणे हे बँक आणि खातेदार यांच्यातील कराराचाच भाग आहे, आणि ते विनाकारण न केल्यास सेवेतील त्रुटी ठरते.

बाहेरच्या आदेशाचे पालन केल्याबद्दल बँकेला सहसा जबाबदार धरता येत नाही. पण आदेश ८,००० रुपयांचा असताना बँकेने चार लाख रुपयांचे संपूर्ण खाते गोठवले असेल, तर वरच्या ३,९२,००० रुपयांची अडवणूक आदेशामुळे झाली असे बँकेला म्हणता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा अनेक याचिकांवर पोलिसांच्या मागणीतील रकमेपुरतेच खाते गोठवावे, असे निर्देश बँकांना दिले. त्याचप्रमाणे आदेश मागे घेतल्याचे पत्र मिळूनही बँकेने होल्ड काढण्यास आठवडे लावले, तर पत्र मिळाल्याच्या दिवसापासूनची जबाबदारी बँकेची. म्हणून होल्ड काढण्याचे पोलिसांचे पत्र बँकेला कधी पोहोचले, हे दाखवणाऱ्या ईमेलची प्रत आपल्याकडेही घेऊन ठेवावी.

आता हिशोब. एका कागदावर तीन भाग करावेत. पहिल्यात पावतीने सिद्ध होणारा खर्च : चेक परताव्याचे शुल्क, हप्त्यावरील दंड, उसनवारीचे व्याज, वीजबिलाचा विलंब आकार. दुसऱ्यात परिणामी नुकसान : रद्द झालेली ऑर्डर, थांबलेली उधारी, बंद राहिलेले माग, यातील प्रत्येक ओळीसमोर कागद असला पाहिजे. तिसऱ्यात वेळ, धावपळ आणि मनस्ताप. व्यापाऱ्याचा चेक चुकीने परत गेला तर बाजारातील पत गेल्याचा मुद्दा पगारदाराच्या तुलनेत अधिक सहज मान्य होतो, म्हणून चाटी गल्लीतील कापड दुकानदाराने तो आवर्जून मांडावा. तरीही पाच लाखांची ऑर्डर बुडाली म्हणून पाच लाख मागू नयेत; नुकसान नफ्याचे झाले आहे, उलाढालीचे नव्हे. फुगवलेला आकडा पाहिला की खरी मागणीही संशयाने पाहिली जाते.

टप्पा ७ : बँकेच्या वरच्या स्तरावर तक्रार, मग ३० दिवसांची वाट

शाखेचे उत्तर हाती आल्यावर, किंवा आठवडाभरात न आल्यास त्याशिवायही, बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे भरपाईची मागणी करावी. प्रत्येक बँकेचे भरपाई धोरण तिच्या संकेतस्थळावर असते; त्यातील लागू होणारा परिच्छेद तक्रारीत उद्धृत केला तर उत्तर टाळणे कठीण जाते.

तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, ती फेटाळली गेली किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली (लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) तिच्या ‘सीएमएस’ या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क अर्ज करता येतो. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष, आणि उत्तरच न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष ३० दिवस, अशी मुदत २०२१ च्या योजनेत होती. परिणामी नुकसानीपोटी २० लाख रुपयांपर्यंत आणि मनस्ताप व वेळेपोटी आणखी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना त्या योजनेत होता. रिझर्व्ह बँक योजनेत बदल करत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर असलेली प्रत वाचून मगच मुदत आणि मर्यादा धराव्यात.

अर्ज फेटाळला जाण्याची ठरलेली कारणे अशी आहेत : बँकेकडे आधी लेखी तक्रारच केलेली नसणे, तोच विषय न्यायालयात किंवा आयोगात प्रलंबित असणे, अर्ज वकिलामार्फत केलेला असणे, आणि बँकेने कायदा अंमलबजावणी यंत्रणेच्या आदेशावरून कारवाई केलेली असणे. शेवटच्या कारणातून वाट काढायची असेल तर अर्जात आदेशाला आव्हान देऊ नये. आदेशापेक्षा जास्त रक्कम अडवली किंवा आदेश मागे घेतल्यावरही सोडली नाही, एवढीच तक्रार मांडावी.

*तपासणी :* आपली संस्था या योजनेत येते का? अनुसूचित नागरी सहकारी बँका आणि ५० कोटी रुपये व अधिक ठेवी असलेल्या इतर नागरी सहकारी बँका येतात. सोलापुरात घराघरांतून ज्यांत खाती असतात त्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते. पतसंस्थेविरुद्ध लोकपालांकडे अर्ज करून महिने घालवणारे कमी नाहीत.

टप्पा ८ : ग्राहक आयोग

लोकपालांकडे दाद मिळाली नाही किंवा प्रकरण तेथे बसतच नाही, तर सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि लोकपालांकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होईल असे धरून चालू नये. बँकेचे मुख्यालय मुंबईत असले तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.

चालू खाते व्यवसायाचे असेल तर ‘हा ग्राहकच नाही’ असा बचाव बँक हमखास घेते. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, म्हणून चार माग स्वतः चालवणाऱ्याने ते तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि उद्यम नोंदणीची प्रत जोडावी. मोठ्या कारखानदाराने दिवाणी दाव्याचा विचार वकिलाशी बोलून करावा.

तक्रार चालू असताना बँक बहुधा एका टप्प्यावर परताव्याचे शुल्क खात्यात जमा करते आणि ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा छापील पत्रावर सही मागते. शुल्क स्वीकारावे, सहीच्या वर मात्र ‘केवळ शुल्क परत मिळाले, नुकसानीची मागणी कायम आहे’ हे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या पत्राची प्रत घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये.